निवायला ठेवलेली काच

विद्यापीठाच्या तळघरात माझी भट्टी.
वर सहा मजले रसायनशास्त्र,
खाली मी, एक ज्योत आणि एक रेडिओ,
जो नुसतं हवामान सांगतो: औलू, उणे एकवीस.

एकतीस वर्षं फुंकतोय.
कुणाचं कंडेन्सर, कुणाच्या फ्लास्कची मान,
रात्री दोनला तडकलेला कुणाचा तरी कॉक.
पोरं जिना उतरतात, टॉवेलात तुकडे गुंडाळून,
मेलेलं पाखरू आणावं तशी.
"जमेल का, तऊनो?"
जमतं. न जमून सांगतो कुणाला.

वेन्ला पॅक्कोला पहिल्यांदा आली तेव्हा
तिच्या कोटाला लगद्याच्या गिरणीचा वास होता,
सडक्या कोबीसारखा. केमीची आहे, म्हणाली,
आई तिथंच पाळीवर.
झाडाला उभं धरून ठेवणारं जे चिवट काही
गिरणी जाळून टाकते,
ते हिला न जाळता सोडवायचं होतं.
सोडवेना. चार वर्षं सोडवेना.
काळा, डांबरासारखा गाळ घेऊन यायची,
फ्लास्क धुऊन निघत नाही म्हणायची.
मी म्हणायचो, मग फोड.
तिला ते पटायचं नाही.

या मार्चात पुरस्कार.
पीएच.डी. होऊन सात वर्षं न झालेल्यांसाठी,
म्हणजे आणखी दोन महिन्यांनी ती म्हातारी ठरली असती,
तेही बाळंतपणाचे अकरा महिने वजा करून.
हे तिनंच सांगितलं, बोटं दुमडत.
हेलसिंकीला समारंभ, भाषणं, सॅल्मन.
परत आली ती सरळ खाली,
हातात टॉवेल.
मला वाटलं, फुटलं.

फुटलं नव्हतं. मानचिन्ह होतं.
वीतभर उंचीचा काचेचा थेंब, पायथ्याशी तिचं नाव,
आडनावावरची टिंबं खोदायची राहून गेलेली.
"बघ ना," म्हणाली.
मी माझ्या पद्धतीनं बघितलं:
दोन ध्रुवण-काचांच्या मधे धरला, मागे दिवा लावला.
त्या निर्मळ थेंबात
पेट्रोल सांडलेल्या डबक्याचे रंग.

ताण. घाईनं थंड केलेली काच.
बाहेरून निवली, आतून अजून धरून बसलेली.
अशी काच महिनोन्‌महिने नीट उभी राहते,
आणि एका मंगळवारी कुणी दार जरा जोरात लावलं
की जाते.

ती रंग बघत राहिली.
"माणूस धरला यात तर?" असं काहीसं पुटपुटली.
मी ऐकलं नाही असं दाखवलं.

रात्रभर भट्टीत ठेवला.
काच कुठली, ठाऊक नाही, म्हणून अंदाजानं आच.
दुधानं तोंड पोळलेला माणूस मी,
ताकही फुंकून पितो; फुंकणं हाच तर धंदा.
चढवणं सोपं. उतरवणं हे काम.
त्या पुरस्कारात मला तेवढंच खरं वाटलं,
पैशांचं नाही म्हणत, ती पाच वर्षं.
पाच वर्षं कुणी दार उघडून
"झालं का?" विचारणार नाही.

सकाळी रंग गेले होते. नुसती काच.
पायथ्याचा एक कोपरा किंचित बसला;
तिला दिसला नव्हता, मीच दाखवला.

जाताना तिनं खर्चाचा कागद पुढं केला.
पहिल्या ओळीत यंत्र नाही, प्रवास नाही:
काचकाम, तळघर, शिकाऊ एक, तीन वर्षं.
जूनमध्ये मी निवृत्त, मग इथं सायकली ठेवायचं ठरलंय,
हे तिच्या कानावर गेलं होतं.
मला आधी विचारलं नाही.
गुडघे माझे, इथले हिवाळे माझे.
तसं तोंडावर म्हणालोही.

कालपासून ओन्नी नावाचा पोरगा येतोय.
"नळी फिरवत राहा," मी सांगतो,
"थांबलास की लोंबते."
थांबला. लोंबली.
"पुन्हा," म्हणालो,
आणि रेडिओ बंद केला.